ओटा

मकरपुऱ्याच्या शेडमध्ये देश उभा राहतोय,
एकास एक मापाचा, निम्मा प्लायवूड, निम्म्या वायरी.
जत्रा साता समुद्रापार. तालीम बडोद्यात.
दिल्लीहून कागद आलाय: प्रेक्षक आत अकरा मिनिटं.
तेवढ्यात हिमालय, हातमाग, उपग्रह, मसाले,
आणि बाहेर पडताना प्रत्येकाच्या तोंडावर हसू.
हसू मोजायला कॅमेरा आहे, चौकटीत.

भिंतीजवळ कुणी गेलं की मोर वळून बघतो.
फरशीवर पाय दिला की नदी सरकते.
मातीच्या मडक्यात आपलं नाव सांगायचं,
मडकं ते बारा लिप्यांत भिंतीवर लिहितं.
पहिल्याच दिवशी त्यानं 'फणसे'चं 'फणस' केलं.
हसमुखभाई म्हणाले, चालशे, बेन.

मागच्या महिन्यात शेडमधल्या सगळ्यांना आत सोडलं.
वेल्डर सलाउद्दीन मोराला दोनदा हुलकावणी देऊन आला.
मग झाडलोट करणाऱ्या सुंद्राबाई मोहिते,
नवापुऱ्याहून येतात, दोन बस बदलून.
चपला बाहेर काढल्या.
नदी आम्ही बुटांसाठी जुळवली होती,
अनवाणी पायाशी ती थबकली,
मग आली.
मडक्यापाशी वाकून त्या म्हणाल्या, "आधी तू सांग."
बारा लिप्यांत भिंतभर उमटलं: आधी तू सांग.

आणि बाहेर येऊन, मला:
"सगळं छान आहे गं. बसायचं कुठं?"

नकाशा पुन्हा उलगडला.
चौदा प्रोजेक्टर, दोनशे बारा सेन्सर,
रॅम्प, दुकान, आगीची शिडी.
एवढ्या देशात टेकायला जागा नव्हती.

रात्री एक ओटा काढला.
सहा फूट लांब, गुडघ्याइतका उंच, लाल कोब्याचा.
न उजळणारा. न बोलणारा.
खर्चाच्या तक्त्यात प्रत्येक वस्तूपुढे एक रकाना असतो:
'हे काय करतं?'
पेन बराच वेळ तिथंच.
मग लिहिलं, काही नाही.

आज उत्तर आलं.
ओटा मंजूर.
मात्र नव्वद सेकंदांहून जास्त कुणी बसल्यास
खालून सौम्य कंप द्यावा.

हसमुखभाईंनी कागद दोनदा वाचला.
मोटर म्हणे मंगळवारी येईल.
आज शुक्रवार.
सुंद्राबाईंनी 'ओला आहे' ही पाटी वाचली,
बोट लावून पाहिलं,
पाटी उचलून बाजूला ठेवली,
आणि डबा उघडला.
सलाउद्दीनला म्हणाल्या, ये, सरकते.
मोर मान वळवून दोघांकडे बघत राहिला.
त्याला म्हणाल्या,
"तिकडं बघ."