दहा मिनिटं, वाचनालयात

शनिवारी सव्वाअकराची वेळ मिळाली.
हडर्सफील्डच्या वाचनालयात, बालविभागाच्या मागे,
ठेंगण्या खुर्च्या बाजूला सारून मांडलेलं एक टेबल.
खासदारबाई तरुण आहेत. कोट अजून ओला.
माझ्याआधीचा गृहस्थ गटारावरून भांडून गेला,
माझ्यानंतरची व्हिसासाठी आली आहे, कडेवर मूल.
मी हृदयासाठी आले आहे.

नाही, माझं ठीक आहे.
एकतीस वर्षं मी दुसऱ्यांची पाहिली.
गार जेल, डाव्या कुशीवर वळा, श्वास धरा,
आणि पडद्यावरच्या राखाडी काळोखात
एक झडप, उघडतेय, मिटतेय,
कुणी बघतंय याची तिला गंधवार्ता नाही.

नॉर्मन थ्रेल्फॉल दर सहा महिन्यांनी यायचा.
बस चालवायचा. हृदय सैल पडलेलं,
धुऊन धुऊन ताणलेल्या मोज्यासारखं.
एकदा त्याने खिशातून वही काढली:
मॅग्नेशियम, थायमिन, माशाचं तेल,
तारीख, मात्रा, आणि समोरच्या रकान्यात
"आज जिना चढलो. मध्ये थांबलो नाही."
डॉक्टरांना दाखवलीस?
"दाखवली. म्हणाले, अपाय नसेल तर घ्या."

त्या खेपेला आकडा सहा टक्क्यांनी चढला.
मी पुन्हा मोजला. पुन्हा तोच.
आता सहा टक्के काय,
माझा हात जरा तिरका पडला तरी येतात.
शिवाय नेहमीची औषधं चालूच होती,
पहाटेची पाळी सुटली होती,
मॉरीनने घरात पाय करणं बंद केलं होतं.
एका माणसाची वही म्हणजे पुरावा नव्हे,
हे मला नका सांगू, बाई,
नव्या पोरांना हे मीच शिकवत आले.
पण वही म्हणजे प्रश्न तर आहे ना?
आणि प्रश्न कुणाच्या दारात ठेवायचा?

मॅग्नेशियम कुणाच्या बापाचं नाही.
थायमिन कोंड्यात असतं,
आणि कोंड्याचं पेटंट मिळत नाही.
कंपनीने त्यात पैसा का घालावा?
तिचा धंदा आहे, मी दोष देत नाही.
मग उरलं कोण?
बाजारपेठेतलं ते दुकान,
तीन बरण्या दोनच्या भावात.
बरा करतो असं लिहायला कायद्याची बंदी,
म्हणून झाकणावर नुसता लाल बदाम छापलेला.
बदाम काय, काहीही बोलतो.

ठाऊक आहे मला,
काही जीवनसत्त्वांच्या मोठ्या चाचण्या फसल्या.
दुधाने तोंड पोळलं, ताक फुंकून प्या,
जरूर फुंका,
पण फुंकायला आधी वाटी तरी हातात घ्या.

मागणं फार नाही.
काही हजार माणसं. नाणं उडवून दोन गट.
कुणाला खरी गोळी, कुणाला खडूची,
देणाऱ्यालाही ठाऊक नको कुठली कुणाला.
पाच वर्षं. आणि मग जे येईल ते
मोठ्या अक्षरांत छापा.
मला "हो"च हवंय असं नाही.
"नाही" आलं तरी कुणा नॉर्मनचे
महिन्याचे चाळीस पौंड वाचतील,
त्यात तो नातवाला बूट घेईल.
आज तो दोन्हींच्या मध्ये उभा आहे,
जिन्याच्या वळणावर, कठडा धरून.

होता. गेल्या मार्चात गेला.
वही मॉरीनने मला दिली, ही बघा,
शेवटच्या पानावर तारीख आहे,
समोरचा रकाना कोरा.

बाईंनी वहीवर हात ठेवला, उघडली नाही.
आपल्या कागदावर लिहिलं: "व्हिटॅमिन्स?"
प्रश्नचिन्ह होतं, तेवढं बरं वाटलं.
मंत्रालयाला पत्र लिहीन म्हणाल्या.
मागे कडेवरचं मूल रडायला लागलं.
मी उठले, छत्री शोधली,
तेवढ्यात त्यांनी विचारलं, हळूच,
तुम्ही स्वतः घेता का हो काही?

घेते.
रोज सकाळी एक, चहाच्या आधी.
का ते मला सांगता येणार नाही.
तेच तर विचारायला आले होते.