विझायला लागणारा वेळ

वेइक्को कागद गिरणीत वायरमन होता.
आता गॅरेजात (बाहेर उणे एकोणीस)
चौसष्टच्या व्होल्वोची मागची लाल काच
पुठ्ठ्यावर उपडी ठेवून कडेकडेने पेन्सिल फिरवतो.

एकेका काचेमागे बेचाळीस एलईडी.
सोल्डरचा धूर, चष्म्यावर वाफ.
पहिल्यांदा लागले तेव्हा
दारापुढचं बर्फ पार कुंपणापर्यंत लाल.
"लांबून दिसेल," मुलगा म्हणाला.

इंडिकेटर मात्र भलताच घाईत:
जुन्या रिलेला पटेचना
एवढ्याशा करंटवर कुणाचं भागतं म्हणून.
मग एक रेझिस्टर जोडला,
नुसता तापत बसायला.

आणि ब्रेक सोडला की अंधार.
तडक.

बल्ब असा जात नसे.
तार आधी केशरी व्हायची, मग विटकरी,
मग उगाच थोडी रेंगाळायची.
आइला रात्रपाळीला निघाली
की बर्चच्या वळणावर एकदा ब्रेक दाबायची,
खिडकीतून त्याला तेवढंच दिसायचं.

मंगळवारी त्याने प्रोग्रॅममध्ये एक ओळ वाढवली:
विझायला दोनशे मिलिसेकंद.

"अडकतोय का रे हा?" मुलाने विचारलं,
पाय पेडलवर.
वेइक्को गाडीमागे, बर्फात उभा.
"पुन्हा दाब," म्हणाला.
"आता सोड."