ओली म्हैस

राजारामपुरी, आठवी गल्ली. रात्रीचे पावणेदोन.
खालचं झेरॉक्सचं दुकान केव्हाच बंद झालंय
आणि वर मी
एकाच फाईलच्या तीन प्रती बघत बसलोय.

एकशे बारा दूध संस्था.
प्रत्येकीची एक फाईल, क्लाऊडवर,
संकलन संपेपर्यंत बदलत राहणारी:
लिटर, फॅट, सभासद नंबर.
मग कुणीतरी खिडकीतून ओरडतं,
"अवो, माझं सहा-आठ लागलंय, सहा-तीन न्हवं,"
आणि फाईल पुन्हा बदलते.

माझा प्रोग्राम दर मिनिटाला जाऊन विचारतो,
नवीन काय?
उत्तर पानापानानं येतं, शिळं आधी, ताजं शेवटी.
पहिलं पान वाचून दुसरं मागेपर्यंत
पहिल्यावरची एक उठते, तिसऱ्यावर जाऊन बसते.
मी तिला पुन्हा घेतो.
बिलात पुन्हा लिहितो.

असंच अनसूयाक्का पोवारांच्या खात्यावर
एका म्हशीचं दूध दोन म्हशींचं झालं.
दहा दिवसांचं बिल.
तिनं फोन केला नाही, एसटीनं आली.
जिना चढून, दम खाऊन,
रुमालाची गाठ सोडून पैसे की-बोर्डवर ठेवले.
"ही माझी न्हाईत.
माझी म्हस मी वळखते. ती एवढं देत न्हाई."

दोन हजार एकशे साठ. नोटा मी मोजल्या.
एकदाच.

आधी सोपं केलं: एकदा आलेलं नाव
परत आलं की टाकून द्यायचं.
दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी बाबगोंडा मगदुमांचा फोन,
"दुरुस्ती पोचंना झालीया. अजून सहा-तीनच दावतंय.
तुमचं मशीन एकदा ऐकलं की कान झाकून घेतंय व्हय?"

मग घड्याळावर भरवसा टाकला:
मागच्या फेरीनंतरचं तेवढंच दे.
तर एकाच सेकंदाला आलेल्या दोघींतली एक
दाराबाहेरच राहिली,
आणि तिच्या गावाचं सकाळचं सगळं दूध.

पहाटे पंचगंगेवर गेलो. उपाय शोधायला नव्हे,
झोप येत नव्हती म्हणून.
घाटाच्या खालच्या अंगाला म्हशी धुऊन बाहेर काढत होते,
एक पोरगा काठी टेकून मोजत होता,
चौदा, पंधरा,
तेवढ्यात मोजलेली एक वळली,
पुन्हा पाण्यात शिरली, निवांत डुंबली,
आणि सगळ्यांच्या मागून वर आली.
मी मनात म्हटलं, सोळा.
तो पंधरावरच थांबला.
कसं रे?
"चंपी हाय की ती. मगाशीच झाली.
आता फकस्त परत ओली झालीया."

पायऱ्यांवर बसून तळहातावर लिहून काढलं.
वेळ म्हणजे नुसता ओलेपणा. तो धरू नकोस.
नाव धर, आणि नावाबरोबर मजकुराचा ठसा.
नाव तेच, ठसा तोच: जाऊ दे तिला.
नाव तेच, ठसा नवा: जुनी ओळ खोडून
त्याच जागी बसव, खाली जोडू नकोस.
आणि दर फेरी दोन मिनिटं मागून सुरू कर,
रेंगाळलेल्यांसाठी,
मोजलेल्यांची यादी मात्र खिशात असू दे.
घामानं अर्धं पुसलं गेलं ऑफिसात येईपर्यंत.
राहिलेलं पुरलं.

तीन दिवस झाले. एकशे बाराच्या एकशे बारा.
बाबगोंडांचा फोन नाही, म्हणजे बरं चाललंय.

अनसूयाक्कांना पैसे जमा केल्याची पावती
मोबाईलवर पाठवली.
ती दोनदा गेली.
खरं सांगतो, ते माझं नव्हतं, टॉवरचं होतं.

संध्याकाळी त्यांचाच फोन,
"ल्येका, दोन आल्यात. येक पुसली म्या.
खरी कुठली त्ये काय कळंना,
दोन्ही सारख्याच हुत्या."