आंत कोणी नाही

चित्र उतरवायला तिघे लागले.
मागच्या लाकडावर कुंभारमाशीचं घर,
आणि एक चिठ्ठी, मोडीत:
“तसबीर एक. विलायती देऊळ. आंत कोणी नाही.”
खाली खाजगीकडच्या कुणा कारकुनाची सही,
ती मला लागली नाही.

कमाटीबागेतली छोटी आगगाडी शिट्टी देते
तेव्हा आमच्या खिडकीची काच थरथरते,
चित्रातल्या नाही.
तिथे दुपार आहे, कुठल्या गावची कोण जाणे.
चुन्याचे खांब, रिकामी बाकं,
आणि एका खांबाला टेकवलेला खराटा.
मघाशीच कुणी झाडून गेलंय.

रसायनं आहेत माझ्याकडे, कपाटभर.
पण या धुराला लाळेसारखं औषध नाही.
काडीवर कापूस गुंडाळायचा,
जिभेवर फिरवायचा, मग चित्रावर.
काळा होतो. टाकायचा. दुसरा.
महिनाभर सेवउसळ सोडलीय,
तिखट जीभ रंगाला नको.
रणछोडभाई दारातूनच बघतात:
“बेन, थूंकथी? मंदिर साफ करो छो?”
हसतात, पण पाऊल आत घालत नाहीत.

आईनं जन्मात कधी
उष्ट्या हातानं देव्हाऱ्याची कडी काढली नाही.
मी परक्या देवाचं आख्खं घर
उष्टं करत चाललेय,
नखाएवढं, नखाएवढं.

अकराव्या दिवशी, डाव्या खांबामागच्या अंधारात
बोळा काळा व्हायचा तो तपकिरी झाला
आणि एक मान आली.
मग खांदा. शालीची कड.
तिसऱ्या बाकाच्या टोकाला एक बाई, पाठमोरी.
प्रार्थना करतेय की डुलकी लागलीय,
सांगता येत नाही.
पायाशी टोपली, टोपलीत काहीतरी गोल.

कारकूनसाहेब, तुम्ही खोटं लिहिलं नाहीत.
काजळी तेव्हाच बसली असेल,
कंदील वर धरून धरून हात भरून आला असेल.
किंवा बाकाच्या टोकाशी बसलेली बाई
मोजायची असते,
हे सुचलं नसेल.

साफ करताना एक चौकोन तसाच ठेवतात,
बोटभर, जुन्या मळाचा, साक्षीला.
रीत कोपऱ्यात ठेवायची आहे.
मी ठेवलाय ती बघतेय तिथे.

नोंदवहीत “तसबीर एक” एवढंच लिहून झालंय.
रणछोडभाई कधी आत आले कळलं नाही,
चपला दारात.
चष्मा सदऱ्याला पुसून टोपलीपाशी वाकतात.
“डुंगळी,” म्हणतात,
अगदी खात्रीनं.