डावखुऱ्या हातासाठी

दुपारचे तीन, आणि तौनोच्या दुकानात दिवे लागलेत.
औलूत जानेवारीचा दिवस एवढाच पुरतो.
त्याने काउंटरवर निळा रुमाल अंथरला
आणि सहा चाकू मांडले, पत्ते वाटावेत तसे.
"हातमोजे काढू नकोस, आउलिक्की,
घालूनच बघ."
त्याला कळतं. बाहेर उणे बावीस आहे.

पहिला देखणा. इतका, की गोंद लावायला जीव धजणार नाही.
दुसऱ्याचं पातं बदलायचं तर स्क्रू खोलायचा,
आणि स्क्रू ड्रायव्हर नेहमी
तीन मजले खाली, गाडीत.
तिसऱ्याचा खटका उजव्या अंगठ्यासाठी.
मी डावखुरी.
चौथा मांडीला टोचतो गुडघ्यांवर बसलं की,
आणि मी दिवसाचे सहा तास गुडघ्यांवर असते,
एकही प्रार्थना न म्हणता.

सत्तावीस वर्षं लिनोलियम घालते आहे.
इस्पितळं, शाळा, एकदा तर तुरुंगाचं जेवणघर.
बोथट पाती कॉफीच्या डब्यात टाकते.
डबा हलवला की वर्ष किती कामाचं गेलं
ते कळतं.

बाबांकडे पुक्को होता, बर्चच्या मुठीचा.
रविवारी दगडावर पाणी शिंपडून ते त्याला धार लावत,
आणि कुणी मधे बोललं तर त्याला धारेवर धरत.
पातं झिजत झिजत
शेवटी विलोच्या पानाएवढं उरलं.
माझं काम त्यांनी एकदाच पाहिलं.
मी पातं काढून टाकलं, नवं घातलं, वीस सेकंदांत.
"टाकलंस?" ते म्हणाले.
एवढंच.

"जुना हरवला कुठे?" तौनो विचारतो.
हरवला नाही, तौनो.
नेमका कुठे आहे ते मला ठाऊक आहे.
नदीपलीकडच्या शाळेत, दुसरीचा वर्ग,
तिसऱ्या खिडकीखाली
रेडिएटरचा पाइप जमिनीत शिरतो, तिथल्या भोकातून घसरला.
खाली कुठेतरी टणकन वाजलेलं ऐकलं मी.
गोंद पसरलेला होता. वाळायच्या आत वीस मिनिटं.
चाकूसाठी फळी उचकटायची,
की वर्ग पुरा करायचा?
यार्कोचा चाकू मागून घेतला
आणि लिनोलियम पाइपाभोवती असं चपखल बसवलं
की केस शिरणार नाही.

कुणाचं बोट तिथवर पोचणार नाही.
सगळं मान्य.
पण पातं आत होतं की बाहेर,
ते मला आठवत नाही.
रात्री अंगठा चादरीवर सरकतो, मागे, पुढे,
नसलेल्या खटक्यावर.

तौनो काही बोलत नाही. सहावा पुढे सरकवतो.
"हा सोडला की पातं आपोआप आत जातं."
दाबते. सोडते. खट्.
दाबते. सोडते. खट्.
मी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लांब रेघ कापून बघते.
दोन मीटरांच्या कापाला अंगठा दाबूनच धरायचा,
आणि डाव्या अंगठ्याचा सांधा
थंडीत आधीच कुरकुरतो.
हा शहाण्या माणसाचा चाकू. माझा नव्हे.

पाचवा घेते.
रंग गाजराचा, काही विशेष नाही.
खटका मधोमध, दोन्ही हातांचा.
पातं चिमटीने निघतं, पोटात तीन जादा पाती,
शेपटीला भोक. लांबी माझ्या तळहाताएवढी:
झाकली मूठ. किंमत मात्र सव्वा लाख नाही,
एकोणीस युरो. तौनो एक युरो सोडतो,
आणि भोकात ओवायला
पार्सलची लाल सुतळी फुकट देतो.
तिथेच कापते ती, नव्या पात्याने.
पातं सुतळीत शिरल्याचं बोटांना जाणवतही नाही.

बसथांब्यावर बर्फ चपटं पडतंय.
कोटाच्या खिशात अंगठा खटका शोधतो.
आत आहे.
बस येते, दार उघडतं, मी पास काढते.
पुन्हा बघते.
आत.