पाट मांडून

आकिहाबाराच्या मागच्या गल्लीत, रात्री साडेदहाला,
बंद शटरसमोर एकवीस माणसं.
सिनेमा नाही, देऊळ नाही, रेशन नाही.
बारा वाजता इथे मदरबोर्ड मिळणार आहेत,
नव्या पिढीचे.

नोव्हेंबर. नाकांचे शेंडे लाल.
पहिला नंबर उसुईसानचा:
घडीची खुर्ची, थर्मास, मांडीवर वही,
वहीत पेन्सिलीनं आखलेल्या चौकटी.
घर बांधणारा माणूस जसा
रिकाम्या प्लॉटवर चुन्याच्या रेघा ओढून
हे स्वयंपाकघर, ही खिडकी, असं दाखवत फिरतो,
तसा तो शेजारच्याला दाखवतोय:
इथे मेमरी. चारही स्लॉट भरायचे.
पंख्याची वायर इथून, मागून, दिसता कामा नये.

शेजारचा म्हणजे शिओमी. एकोणीस वर्षांचा,
खानावळीत वाट्या विसळतो.
सात महिन्यांचे पैसे पाकिटात, पाकीट बनियनच्या आत.
घरी सगळं तयार आहे त्याचं,
कॅबिनेट, पॉवर सप्लाय, स्क्रूंची डबीसुद्धा.
ज्याच्यावर हे सगळं बसायचं तेवढंच नाही.
गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते हेच,
मी मनात म्हणतो,
आणि जपानीत कसं सांगावं ते न सुचून
नुसता हसतो.

मी सतरावा.
मला गरज नाही, माझा जुना चालतो.
गरज असलेले लोक दिवसा येतात.

रांगेतून अफवा फिरतात, शेंगदाण्यांसारख्या,
या ओंजळीतून त्या ओंजळीत.
वेग दुप्पट, म्हणे.
जुना प्रोसेसर बसणारच नाही, म्हणे.
पिना आता प्रोसेसरला नाहीत, बोर्डातच उगवलेल्या, म्हणे.
यावर काकेहाशीबाई पहिल्यांदा बोलतात.
त्या दातांच्या डॉक्टर.
मागे कुणाच्या तरी वाकलेल्या अकरा पिना त्यांनी
दवाखान्यातल्या छोट्या आरशात बघत, श्वास रोखून,
एकेक करून सरळ केल्या होत्या.
"हिरड्या बघितल्याशिवाय," त्या म्हणतात,
"मी काही सांगत नाही."

पावणेबाराला शटर गुडघाभर उचललं गेलं.
मालक वाकून बाहेर आला आणि पुन्हा वाकला,
नेहमीपेक्षा वीतभर जास्त.
त्या वितीतच कळलं सगळ्यांना.

बोर्ड आलेत.
प्रोसेसर आले नाहीत.
विमानतळावर, कागदांत, कुठेतरी अडकलेत.
कदाचित शुक्रवारी. कदाचित नाहीही.

थंड चहाचं मशीन तेवढं गुणगुणत राहिलं.
पाट मांडलेला, अंतरपाट धरलेला, अक्षता मुठीत,
आणि नवरदेव वाटेत कुठे ते
कुणालाच ठाऊक नाही.

तिसऱ्या नंबरचा माणूस घड्याळ बघून
शेवटच्या गाडीकडे निघाला,
कोपऱ्यापर्यंत गेला,
परत आला. त्याची जागा तशीच होती.

बाराच्या ठोक्याला उसुईनं खोका घेतला, दोन्ही हातांनी,
तान्हं मूल घेतात तसा, जणू मान सांभाळायची आहे.
शिओमीच्या नोटा ऊबदार निघाल्या.
मालक प्रत्येकाची माफी मागत होता
आणि प्रत्येक जण त्याचीच समजूत घालत होता.

रात्री दोन. माझं टेबल.
रुपेरी पिशवीतून बोर्ड बाहेर:
तांब्याच्या रेघा, कुठेच न थांबणाऱ्या,
कोपऱ्यावर वळताना जरा अंग चोरणाऱ्या.
मधोमध सॉकेट, काळ्या झाकणाखाली.
निघताना काकेहाशीबाईंनी बजावलं होतं,
प्रोसेसर येईपर्यंत झाकण काढू नका. धूळ बसते. हात लागतो.

मी झाकण काढलं.

हजाराहून जास्त पिना, केसाहून बारीक,
दिव्याखाली सोनेरी, आणि सगळ्या
एकाच बाजूला किंचित कललेल्या,
मान लांब करून
शटरकडे बघावं तशा.

झाकण परत लावलं. टक् असा आवाज आला.
शुक्रवारला अजून सहा दिवस.