तीन लिटर

समोरच्या बेटाचं नाव होय.
कुणी काही विचारलेलं नसताना
ते धुक्यातून दिवसभर तेवढंच म्हणत राहतं.

फेब्रुवारी. ऑर्कनीचं पाणी सहा अंश.
इंगा फ्लेट नावेच्या काठावर पाठमोरी बसते.
पाठीवर मोठं सिलिंडर, आणि त्याच्या अंगाला
कडेवरच्या पोरासारखी चिकटलेली
एक पिवळी बाटली. तीन लिटर.
तिची नळी वेगळी, काटा वेगळा,
तिचं तोंड रबरी फासात हनुवटीखाली लटकतं,
न बघता हात जाईल तिथं.

ही एर्लेंडनं आणलेली.
"एकटीच उतरणार असशील तर निदान ही घे."
ऑगस्टात त्यानं ती भरली,
बादलीत बुडवून बुडबुडे येतात का पाहिलं,
बाहीनं पुसली, पट्टे आवळले
आणि त्याच आठवड्यात नॉर्वेला गेला,
कुठल्याशा मत्स्यशेतीवर.
पत्ता सांगितला. तिनं लिहून घेतला नाही.

माणसाऐवजी बाटली, ती म्हणाली.
वाईट सौदा नाही. बाटली घोरत नाही.

तेव्हापासून रोज सकाळी झडप उघडायची, काटा बघायचा.
रविवारी एक श्वास, खात्रीपुरता.
दोनशे तीस होते, आता दोनशे दहा.
वापर म्हणाल तर इतकाच.
वजन मात्र रोजचं.
"हे ओझं कशाला वागवता?" नावेवरचा मॅन्सी विचारतो.
वय एकोणीस, त्याला सगळंच ओझं वाटतं.
"सवय," ती म्हणते, आणि मागच्या मागे कलंडते.

अठ्ठावीस मीटरवर वाळूत
स्कॅलप पंखे मिटून पडलेले असतात.
हातानं उचलायचे, जाळीत टाकायचे,
लहान निघाला तर परत त्याच्या जागी.
चाळीस झाले.
एक्केचाळिसाव्याला हात घातला
आणि तोंडातला रेग्युलेटर गोठला.

गोठला म्हणजे बंद पडला नाही.
उघडाच राहिला.
हवा किंचाळत सुटली, चहूकडे फेस, दात बधिर,
मोठा काटा डोळ्यांदेखत घसरत चाललेला.

भ्यायलाही हवा लागते.
हात हनुवटीखाली गेला.

पहिला श्वास कोरडा. रबराची चव.
बाकी काही नाही. तेल, धूर, गवत,
गाळणीनं सगळं आधीच काढून घेतलेलं असतं.
तरी तिला कळलं, ही ऑगस्टची आहे.
शेडचं दार उघडं, कॉम्प्रेसर धडधडतोय,
शेजारी कुणाचं तरी गवत कापणं चाललंय,
आणि तो पाठमोरा, बोलत नाही,
काट्यावर नजर,
दोनशे वीस, पंचवीस,
तीस.

म्हणजे हा इथंच होता.
सहा महिने. डाव्या कुशीला.

जाळी सोडून दिली.
सगळ्यात लहान बुडबुड्याच्या मागे राहत,
दोरी धरून वर.
पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं.
उजेड दिसत होता, नावेचं पोट दिसत होतं.
ती चार मिनिटं थांबली.
का, ते विचारू नका, काटा तर उतरतच होता.

"जाळी?" मॅन्सीनं विचारलं.
"खाली."
"किती होते?"
"चाळीस."
पाण्यावर उसळलेला फेस त्यानं पाहिला होता.
काही बोलला नाही. चहात साखर दोनदा घातली.

संध्याकाळी शेडमध्ये काटा सत्तरावर.
बाटली रिकामी करून भरत नाहीत कुणी.
आत असतं त्यावरच नवं चढवतात,
विरजण ठेवून दूध ओतावं तसं.
हे तिला वीस वर्षं माहीत होतं.
तरी नळी जोडून, बटणावर बोट ठेवून
ती बराच वेळ नुसती उभी.

मग धडधड.
दोनशे वीस, पंचवीस.
बादलीत बुडवली. बुडबुडे आले नाहीत.
फडकं खुंटीला होतं, हाताशीच.
तिनं बाहीनं पुसली.